कांस्य पावडरच्या हीटमध्ये नळी वारंवार गोठते : कारण शोधण्याची पद्धत

मे महिन्यातल्या दुपारी चिंचोळी एमआयडीसीतल्या पत्र्याच्या शेडमध्ये पारा ४३ अंशांवर असतो, भट्टीतले कांस्य ११८० अंशांवर असते, आणि तरीही टंडिशच्या, म्हणजे भट्टी आणि नळी यांच्या मधल्या भांड्याच्या, तळाच्या चार मिलिमीटर भोकाच्या नळीतून पडणारी धातूची धार एकाएकी बारीक होते, तुटक होते आणि थांबते. नळीचे तोंड बंद ठेवणारा स्टॉपर उचललेलाच असतो, नायट्रोजन चालू असतो, चेंबरमधला आवाज मात्र बदललेला असतो. धार फुटतानाची खरखर जाऊन नुसत्या वायूची शिट्टी उरते. ३० किलोच्या हीटमधली, म्हणजे एका वेळी वितळवलेल्या धातूतली, आठ-दहा किलो पावडर तोवर झालेली असते आणि बाकीचा धातू टंडिशमध्ये थिजायला लागलेला असतो. नव्याने कामाला आलेला मुलगा हमखास विचारतो की सोलापूरच्या उन्हात काही गोठतेच कसे. प्रश्न भाबडा वाटला तरी बरोबर जागी बोट ठेवणारा आहे, आणि त्याचे उत्तर पुढे येईलच.

येथे ज्या मांडणीबद्दल लिहिले आहे ती अशी : इंडक्शन भट्टीत वितळलेले दहा टक्के कथिलाचे कांस्य तापवलेल्या टंडिशमध्ये ओतले जाते, टंडिशच्या तळाच्या सिरॅमिक नळीतून ते खाली येते, आणि नळीच्या टोकाला अगदी लागून असलेल्या कंकणाकृती फटीतून सुटणारा उच्च दाबाचा नायट्रोजन त्या धारेचे बारीक थेंब करतो. थेंब चेंबरमध्ये पडता पडता गोल होऊन घट्ट होतात. वायू धारेला काही अंतर खाली जाऊन भेटतो अशा मोकळ्या रचनेत नळी गोठण्याची तक्रार बरीच कमी असते; बारीक पावडरीच्या हव्यासापोटी वायू टोकाजवळ आणला की ती तक्रार सोबत येते.

नळी गोठली की जवळजवळ प्रत्येक ठिकाणी एकच उपाय होतो : पुढच्या हीटला भट्टीचे तापमान तीस-चाळीस अंशांनी वाढवायचे. कधी कधी त्याने काम भागते, आणि म्हणूनच ही सवय सुटत नाही. आम्हीही एक अख्खा हंगाम तेच केले. परिणाम असा झाला की भट्टीचे अस्तर लवकर खाल्ले जाऊ लागले, त्याचे कण धातूत उतरले आणि नळी चोंदण्याचे आणखी एक कारण आम्हीच तयार केले. तेव्हापासून आमचा नियम असा आहे की तापमानाच्या बटणाला हात लावण्यापूर्वी दोन प्रश्नांची उत्तरे कागदावर असली पाहिजेत : धार कितव्या सेकंदाला थांबली, आणि नळी नेमकी कुठे बंद झाली.

पहिल्या उत्तरासाठी स्टॉपवॉच पुरते, फक्त ते स्टॉपर उचलणाऱ्या माणसाच्या हातात नसावे. दुसऱ्या उत्तरासाठी गोठलेली नळी फेकून न देता उभी चिरावी लागते. बोरॉन नायट्राइडची नळी साध्या हॅकसॉने चिरते आणि चिरताना खडूसारखी पांढरी भुकटी पडते. ॲल्युमिनाच्या नळीला मात्र डायमंडची चकती लागते. मी पहिल्यांदा नळी चिरली तेव्हा आत सगळीकडे कांस्य भरलेले असेल असे धरून चाललो होतो. प्रत्यक्षात खालच्या टोकाशी जेमतेम सात-आठ मिलिमीटर उंचीचे बूच निघाले, वरच्या बाजूला वाटीसारखा खोलगट, आणि त्याच्या वर नळीच्या भिंतीला नुसता तांबूस पापुद्रा. भट्टीवरच्या मामांनी ते बूच हातात फिरवून पाहिले आणि म्हणाले, "साहेब, ही वरून नाही, खालून गारठलीय. भट्टीला कशाला बोल लावता?" बाकीचा तपास त्या वाक्याच्या वाटेनेच झाला.

बूच फक्त टोकाशी असेल तर दोष वायूच्या बाजूला शोधावा. नळीच्या वरच्या तोंडाशी राखाडी-पांढरा थर आणि त्याखाली मोकळी जागा असेल तर दोष चार्जमध्ये किंवा अस्तरात असतो. नळी वरपासून खालपर्यंत एकसारखी घट्ट भरलेली असेल तर टंडिश किंवा नळी पुरेशी तापलेलीच नव्हती, आणि अशा वेळी घड्याळही बहुधा पहिल्या दहा-पंधरा सेकंदांचाच आकडा दाखवते.

या शेवटच्या प्रकाराबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. दहा टक्के कथिलाचे कांस्य सुमारे १००० अंशांना पूर्ण वितळते आणि ८४० अंशांच्या आसपास पूर्ण घट्ट होते. मधल्या पट्ट्यात ते लापशीसारखे असते आणि चार मिलिमीटरच्या भोकातून लापशी जात नाही. म्हणून दीडशे-पावणेदोनशे अंशांची सुपरहीट, म्हणजे पूर्ण वितळण्याच्या तापमानावरची जादा उष्णता, ठेवली जाते. अडचण अशी की थर्मोकपल भट्टीत बुडवलेला असतो आणि धातू गोठतो तो नळीत. भट्टीतून टंडिशमध्ये ओतताना, टंडिशच्या भिंती तापवताना आणि स्टॉपर उचलण्यापूर्वीच्या अर्ध्या मिनिटात त्यातली बरीचशी उष्णता संपलेली असते. टंडिशच्या तळाशी, नळीच्या तोंडाजवळ दुसरा थर्मोकपल बसवला आणि तो १००० अंशांच्या वर गेल्याशिवाय भट्टी तिरपी करायची नाही एवढे पथ्य पाळले, की पहिल्या सेकंदांतले गोठणे संपते. बर्नरने वरून तापवलेली टंडिश वरून लाल दिसते आणि तळाशी काळी असते, हे ध्यानात ठेवावे. नळी ग्राफाइटची असेल तर तांबे कार्बन घेत नसल्यामुळे कांस्याला ती चालते, पण उघड्या हवेत ती पाचशे अंशांच्या पुढे जळत जाते आणि भोक हीटगणिक मोठे होते. स्टेनलेससाठी तर ती वापरूच नये, कारण ३१६ एलमधला एल हा कार्बन कमी असल्याचाच खुणेचा शब्द आहे.

आता टोकाशी गोठण्याबद्दल, कारण आमच्याकडच्या बहुतेक घटना याच जातीच्या निघाल्या. दाबाखालचा वायू फटीतून सुटून पसरतो तेव्हा तो थंड होतो. नायट्रोजन ३० अंश तापमानाचा आणि सुमारे १७ बार निरपेक्ष दाबाचा असेल आणि तो वातावरणाच्या दाबापर्यंत पूर्ण पसरला, तर आदर्श गणिताने त्याचा वेग ध्वनीच्या अडीच पट होतो आणि तापमान उणे १३८ अंशांच्या जवळ जाते. मे महिन्यातला ४३ अंशांचा वायू घेतला तरी ते उणे १३३ येते. म्हणजे सोलापूरच्या उन्हाने सगळी मिळून पाच अंशांची मदत केली. आर्गॉन त्याच दाबावरून त्याहून ३५ अंशांहून अधिक खाली जातो, म्हणून नायट्रोजनवर सुरळीत चालणारी मांडणी आर्गॉनवर गोठली तर नवल वाटू नये. अर्थात नळीच्या भिंतीलगत वायूचा वेग मोडतो आणि तिथे तो पुन्हा तापतो, त्यामुळे टोकाला प्रत्यक्ष उणे १३८ अंश झोंबतात असे नाही. पण खोलीच्या तापमानाचा वायूसुद्धा ध्वनीहून जास्त वेगाने हजार अंशांच्या पातळ टोकावरून घासत गेला तर तो उष्णता ओरबाडूनच नेतो. टोक तापलेले ठेवायला एकच गोष्ट उरते, ती म्हणजे आतून अखंड वाहणारा धातू. धार जराशी मंदावली की पारडे फिरते.

यातून पहिली तपासणी निघते ती क्रमाची. गॅस आधी की धातू आधी? धातू आधी सोडला तर तो न फुटता खाली ओघळतो आणि वायूच्या फटीवर उडून बसतो, म्हणून घाबरून गॅस आधी सोडला जातो, आणि दाब गेजवर स्थिर दिसेपर्यंत वीस-वीस सेकंद तो नुसताच वाहतो. तेवढ्या वेळात तापवलेले टोक निवते. आम्ही रेग्युलेटर आदल्या फेरीतच लावून ठेवतो, गॅसचा व्हॉल्व्ह उघडतो आणि दोन ते तीन सेकंदांत स्टॉपर उचलतो. त्यासाठी दोन माणसांची तालीम लागते. एकट्याने हे जमत नाही.

दुसरी तपासणी अधिक महत्त्वाची आहे आणि तिच्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. वायू सुटत असताना नळीच्या टोकाखाली शोषण तयार होते की उलटा दाब, हे वायूचा दाब आणि टोक फटीच्या खाली किती मिलिमीटर उतरले आहे या दोन्हींवर ठरते. शोषण असेल तर धातू खाली ओढला जातो. उलटा दाब असेल तर तो वर ढकलला जातो. टंडिशमध्ये २० सेंटिमीटर धातू असेल तर त्याचा खाली येण्याचा दाब सुमारे १६ किलोपास्कल असतो, म्हणजे ०.१६ बार. वायू २० बारच्या आसपास खेळत असताना टोकापाशी ०.१६ बारचा उलटा दाब उभा राहणे मुळीच अवघड नाही. तेवढ्याने धार थांबते, आणि थांबलेली धार तिथेच गोठते. मग गोठलेले बूच पाहून आपण तापमानाला दोष देतो. खरे तर धार आधी थांबली आणि मग गोठली.

हे मोजायला महागडे उपकरण लागत नाही. धातू न ओतता, थंड मांडणीवर, नळीच्या वरच्या तोंडात रबरी बूच बसवून त्यातून पारदर्शक प्लास्टिक नळी काढावी आणि ती भिंतीवर इंग्रजी यू अक्षराच्या आकारात, दोन्ही बाजूंना दीड-दीड मीटर उंच बांधावी. आत पाणी भरावे; दिसायला सोपे जावे म्हणून आम्ही ओळखीच्या डाइंगवाल्याकडून चादरीच्या सुताचा चिमूटभर लाल रंग आणून त्यात घातला. दोन बाजूंच्या पाण्यात एक मीटरचा फरक म्हणजे जवळपास १० किलोपास्कल. मग वायूचा दाब दोन-दोन बारने वाढवत पाणी कोणत्या बाजूला चढते ते लिहीत जावे. आमच्या मांडणीत १४ बारपर्यंत चांगले शोषण होते, त्यापुढे ते झपाट्याने कमी झाले आणि १९ बारला पाणी उलट्या बाजूने चढू लागले. आम्ही हीट चालवत होतो ती २० बारवर. हे आकडे कोणी जसेच्या तसे उचलू नयेत, कारण प्रत्येक डायचे (वायूची फट असलेल्या भागाचे) आणि टोकाचे गणित वेगळे असते. पण ही वक्ररेषा स्वतःच्या मांडणीवर काढल्याशिवाय कोणी दाब ठरवू नये असे माझे स्पष्ट मत आहे. नळी अर्धा मिलिमीटर खाली घेतल्यावर आमच्याकडे २० बारलाही शोषण परत आले. या चाचणीत एक धोका आहे : शोषण जोराचे असेल तर पाणी रबरी बुचातून सिरॅमिक नळीत ओढले जाते. म्हणून मध्ये एक रिकामी बाटली जोडावी, आणि चाचणीत वापरलेली नळी ओव्हनमध्ये पूर्ण वाळवल्याशिवाय तिच्यातून धातू सोडू नये. वितळलेल्या धातूखाली अडकलेला पाण्याचा एक थेंबही स्फोटासारखा फुटतो.

वायूची फट एका बाजूला झिजलेली किंवा कचऱ्याने बुजलेली असेल तरी हेच दुखणे होते. तेव्हा बूच तिरपे निघते, एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ. असे बूच दिसले की फीलर गेजने फट चारही बाजूंनी मोजावी.

धार मध्येच, म्हणजे सगळे सुरळीत चालू असताना पाऊण किंवा एका मिनिटाने, हळूहळू बारीक होत गेली आणि नळीच्या वरच्या तोंडाशी राखाडी थर निघाला, तर भंगाराच्या ढिगाकडे जावे. जुने बुश, व्हॉल्व्हचे तुकडे, टर्निंगचा चुरा यांत पितळ मिसळले असेल तर ते लपत नाही, कारण जस्त ९०७ अंशांना उकळते आणि भट्टीवर पांढरा धूर दिसतो. ॲल्युमिनियम ब्राँझ मात्र गुपचूप आत शिरते. त्यातल्या ॲल्युमिनियमचा ऑक्साइड चिवट कातडीसारखा पृष्ठभागावर तरंगतो, ओतताना घडी होऊन आत जातो आणि नळीच्या तोंडाशी साचतो. येथे बरेच जण फॉस्फर कॉपरचा (फॉस्फरस मिसळलेल्या तांब्याचा) डोस वाढवतात. फॉस्फरसने तांब्यातला ऑक्सिजन निघतो, धार अधिक पातळ वाहते आणि दाणे गोल व्हायला मदत होते हे सगळे खरे. परंतु ॲल्युमिनाला तो हात लावू शकत नाही, कारण ॲल्युमिनियमची ऑक्सिजनशी गाठ फॉस्फरसपेक्षा कितीतरी घट्ट असते. म्हणजे डोस वाया जातो आणि पावडरीतला फॉस्फरस तेवढा वाढतो. उपाय भट्टीबाहेरच आहे : शंका असलेले तुकडे वेगळे काढावेत, आणि शक्य असेल तर तांब्याचे कॅथोड आणि शुद्ध कथिल यांवरच हीट घ्यावी. ओतण्याच्या मार्गात सिरॅमिक फोम फिल्टर बसवता येतो, पण तोही लाल तापलेला नसेल तर गोठण्याची जागा फक्त दोन फूट वर सरकते.

हीटच्या शेवटच्या तिसऱ्या हिश्श्यात गोठणारी नळी हे वेगळेच प्रकरण आहे. तिथे दोन गोष्टी एकाच वेळी बिघडतात. टंडिशमधली पातळी २० सेंटिमीटरवरून पाचवर आली की धातूचा दाब १६ वरून ४ किलोपास्कलवर येतो आणि धारेचा वेग निम्मा होतो. सुरुवातीला जो किरकोळ उलटा दाब धातूने सहज पेलला असता तोच आता भारी पडतो. दुसरीकडे सिलिंडर रिकामे होत असतात. हिशेब करून पाहा. ३० किलो कांस्याला किलोमागे दीड किलो नायट्रोजन धरला तर ४५ किलो, म्हणजे जवळपास ३९ घनमीटर वायू लागतो. ४७ लिटरच्या, १५० बारच्या एका सिलिंडरमध्ये ७ घनमीटर असतो. कागदावर सहा सिलिंडर पुरतात. पण बाहेर २० बार हवा असेल तर रेग्युलेटरच्या मागे तीसएक बार उरलेच पाहिजेत, म्हणजे प्रत्येकातला पाचवा हिस्सा वापरता येत नाही, आणि सहाचे सात होतात. शिवाय इतक्या घाईने रिकामा होणारा सिलिंडर आतून थंड पडतो. बाहेरून काहीच उष्णता मिळाली नाही असे धरले तर १५० वरून ७५ बारवर येताना ३० अंशांचा वायू उणे २४ वर जाईल. सिलिंडरचे पोलाद उष्णता देत असल्याने प्रत्यक्षात एवढे होत नाही, तरी रेग्युलेटरवर दव आणि मग बर्फाची पांढरी कड धरलेली मी जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांतल्या सकाळी अनेकदा पाहिली आहे. मॅनिफोल्डला (सामाईक वायुवाहिनीला) सात नव्हे तर दहा सिलिंडर जोडून सगळ्यांतून एकदम वायू घेतल्यावर आमचे हे दुखणे गेले. सिलिंडर कधीही आगीच्या ज्योतीने तापवू नयेत, हे सांगावे लागू नये पण सांगतो. खर्च झेपत असेल तर डायच्या आधी वायूचा हीटर बसवणे सर्वांत उत्तम, कारण वायूचा वेग निरपेक्ष तापमानाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो आणि टोक वाचण्यासोबत पावडरही बारीक होते.

बारीक पावडरीवरून भोकाचा मुद्दा निघतो. ग्राहक ४५ मायक्रॉनखालचा माल जास्त मागतो, म्हणून चार मिलिमीटरच्या जागी तीनची नळी बसवली जाते. तीनच्या नळीतून धातू निम्म्याच्या आसपासच जातो. चारच्या नळीने जी ३० किलोची हीट तीन-साडेतीन मिनिटांत संपते तिला आता साडेपाच-सहा मिनिटे लागतात, आणि तेवढा वेळ टंडिशमधला धातू निवत राहतो. वर बारीक धारेला तिच्या आकारमानाच्या मानाने भिंतही जास्त लागते. वायू आणि धातूचे प्रमाण वाढले की दाणे बारीक होतात हे बरोबर आहे, पण ते प्रमाण वायू वाढवूनही वाढते. यूच्या नळीवरची वक्ररेषा हाताशी असेल तर आधी दाब आणि टोकाची उंची यांत वाव आहे का ते पाहावे, आणि भोकाला शेवटी हात लावावा. माझ्या पाहण्यातल्या गोठण्याच्या तक्रारींत आपणहून ओढवून घेतलेली तक्रार म्हणजे हीच.

एवढे करूनही एखादी नळी गोठणारच. तेव्हा स्टॉपर खाली बसवावा, मग गॅस बंद करावा, आणि टंडिशमधला धातू आधीच तापवून ठेवलेल्या कोरड्या साच्यांत ओतून घ्यावा. सोलापुरात पाऊस कमी म्हणून साचे उघड्यावर पडलेले असतात, पण सप्टेंबरमधली एक ओली रात्र पुरेशी असते. खालून सळई घालून भोक मोकळे करण्याचा प्रयत्न कोणी करू नये, कारण बूच सुटले तर वरचा सगळा धातू हातावर येतो. चेंबर उघडल्यावर आत वाकण्यापूर्वी ऑक्सिजन मीटर १९.५ टक्क्यांच्या वर आहे हे पाहावे. नायट्रोजनला वास नाही आणि आर्गॉन तर हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचून राहतो; दोन्हींत माणूस काही जाणवण्यापूर्वीच खाली पडतो.

अर्धवट हीटची पावडर लगेच भंगारात टाकू नये. धार मंदावत असताना वायू जास्त आणि धातू कमी असल्याने त्या वेळचे काही दाणे नेहमीपेक्षा बारीक असतात, आणि धार तुटक झाल्यावरचे चपटे किंवा सुईसारखे असतात. चेंबरमध्ये हे सगळे एकत्र पडते. १०० मेशच्या चाळणीने चपटे तुकडे वर राहतात. खाली उतरलेला माल, पावडर किती वेळात वाहते ते मोजणाऱ्या हॉल फ्लोमीटरमधून ५० ग्रॅम सोडून, नेहमीच्या सेकंदांशी ताडून पाहावा आणि पावडरीपासून फिल्टर बनवणाऱ्या ग्राहकाचा बॅच क्रमांक त्याला देऊ नये. पावडर दाबून बेअरिंगचे बुश करणाऱ्यांना गोल दाणा तसाही नको असतो, कारण दाबल्यावर तो एकमेकांत अडकत नाही आणि कच्चा बुश हातात धरताच ठिसूळ निघतो. तेव्हा तिकडे खपवण्याचा विचार सोडून हा माल पुढच्या हीटच्या चार्जमध्ये, वरून भुरभुरवून नव्हे तर गोळ्या दाबून, थोडा थोडा परत घालावा.